वेलांटी पहिली की दुसरी? मराठीतल्या ऱ्हस्व-दीर्घाचे दोन कायदे

ऑकलंडहून एका आईचा प्रश्न आला आहे. मुलगी शाळेत माओरी शिकते आणि घरी आईकडून मराठी. माओरीत लांब स्वरावर आडवी रेघ देतात. ती दिसली की मुलगी स्वर लांबवते. मराठीत मात्र आई 'शिर' आणि 'शीर' सारखंच वाचते, हे तिच्या कानाने बरोबर टिपलं. मग दोन वेलांट्या कशाला? 'वकील'ला दुसरी आणि 'वकिलाला' लिहिताना पहिली, असं का? घरातल्या जुन्या पुस्तकात 'कवि' आणि नव्या पुस्तकात 'कवी', यातलं खरं कुठलं? आणि हे कानाने ओळखता येतं का?

मी मुद्रितशोधनाचं काम करते. प्रुफात सगळ्यांत जास्त वेळ जातो तो याच दोन वेलांट्या आणि दोन उकारांवर. म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

मराठीच्या स्वतःच्या शब्दांत ऱ्हस्व-दीर्घ कानाने ओळखता येतं. संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेल्या, म्हणजे तत्सम शब्दांत ते येत नाही. आपल्या लेखनात दोन कायदे एकाच वेळी चालतात आणि कुठला शब्द कुठल्या कायद्याखाली येतो हे शाळेत नीट सांगितलं जात नाही. मुलांना अपवादांची यादी मिळते. त्या यादीमागे एक सरळ विभागणी आहे, ती हाती लागली की बराचसा गोंधळ मिटतो.

आधी कानाचा कायदा. 'वकील' हा शब्द मोठ्याने म्हणून पाहा. लिहिताना शेवटी 'ल' आहे, पण त्यातला 'अ' आपण उच्चारत नाही. तोंडातून 'व-कील्' येतं. शेवटच्या उच्चारित भागातला स्वर मराठी माणूस आपोआप लांबवतो. आता 'वकिलाला' म्हणा. 'कि' शेवटचा राहिला नाही, त्याच्यामागून 'ला-ला' असे दोन भारी स्वर आले, आणि तो लगेच आखडला. बहीण-बहिणीला, जमीन-जमिनीवर, विहीर-विहिरीत, तूप-तुपात, दूध-दुधाचा, ऊस-उसाचा, सून-सुनेला, नागपूर-नागपुरात : प्रत्येक जोडी म्हणून पाहा, जीभ हेच करते. लेखनाने इथे फक्त जिभेचं ऐकलं आहे.

हा स्वर नुसता आखडत नाही, कधीकधी पार नाहीसा होतो, आणि मला हा सगळ्यांत बोलका पुरावा वाटतो. माणूस-माणसाला, लाकूड-लाकडाचा, पाऊस-पावसात, बेरीज-बेरजेत, काळीज-काळजात, तारीख-तारखेला. पहिलं अक्षर भारी असलं की मधला इकार-उकार आखडत आखडत 'अ'वर येतो आणि मग तोही बोलताना गळतो. व्याकरणाच्या पुस्तकात हे स्वतंत्र नियम म्हणून येतात, पण 'वकिलाला'मधलं आखडणं आणि 'माणसाला'मधलं गळणं या एकाच प्रवृत्तीच्या दोन पायऱ्या आहेत. मुलांना दोन्ही एकत्र शिकवावं असं मला मनापासून वाटतं.

याच कायद्याची बाकीची कलमं लवकर सांगता येतात. शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ : पाटी, पाणी, जादू, वाळू. एकाक्षरी शब्द दीर्घ : मी, ही, तू. शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या अलीकडचा इकार-उकार ऱ्हस्व : किडा, विळा, महिना, माहिती, गरिबी, सुरू. अनुस्वार किंवा जोडाक्षर पुढे असेल तर ऱ्हस्व : चिंच, भिंत, डाळिंब, मुंगी, कुस्ती, खुर्ची. अरबी-फारसीतून आलेले गरीब, वकील, जमीन, तारीख, वसूल हे शब्दही इतके रुळले की मराठीचाच कायदा पाळतात, म्हणून गरीब-गरिबाला.

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात येईल. वेलांटी पहिली की दुसरी, हे शब्दातल्या जागेवरून ठरतं. जे जागेवरून ठरतं ते अर्थ बदलू शकत नाही. मराठीच्या स्वतःच्या शब्दांत केवळ इकार-उकाराच्या लांबीने अर्थ बदलणारी जोडी म्हणूनच सापडत नाही. माओरीत तसं नाही. तिथे 'केके' म्हणजे केक, आणि तेच दोन्ही स्वर लांबवले की काख. तिथली रेघ, तिला ते 'तोहुतो' म्हणतात, ही अर्थाची खूण आहे. ती गाळली तर वेगळा शब्द होतो. आपल्या मोडी लिपीत शतकानुशतकं हिशेब, पत्रं, सनदा लिहिल्या गेल्या. मोडी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे की तिथे इकार-उकाराचं ऱ्हस्व-दीर्घ पाळत नसत. कारभार अडला नाही, कारण वाचणारा लांबी जागेवरून आपोआप भरून घेत होता.

मग देवनागरीत दोन्ही खुणा का टिकल्या? कारण दुसरा कायदा.

संस्कृतात लांबी अर्थ बदलते. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा, 'सूत' म्हणजे सारथी. 'सलिल' म्हणजे पाणी, 'सलील' म्हणजे लीलेने केलेलं. हे शब्द आपण घेतले आणि लेखनासकट घेतले. उच्चार मात्र आपल्या जिभेने केला. 'शिक्षक दिन' म्हणताना तुम्ही 'दीन्' असंच म्हणता, कारण तो शेवटचा भाग आहे. लेखन संस्कृतचं, उच्चार मराठीचा, अशी फारकत इथे पडते.

म्हणूनच पाट्यांवर 'मंदीर', 'नागरीक', 'सामाजीक' लिहिलेलं दिसतं. ते लिहिणाऱ्याचा कान बिघडलेला नसतो. त्याने 'मंदीर्' असंच ऐकलं आणि 'वकील'चा कायदा 'मंदिर'ला लावला. उलट बाजूने 'शरिरात', 'परिक्षा', 'किर्ती' ही रूपंही कानाचीच आहेत. तत्सम शब्दाला हा कायदा लागू नाही, म्हणून ती चुकीची ठरतात. लिहिणाऱ्याला अडाणी म्हणण्याचं कारण नाही. मुलीने 'मंदीर' लिहिलं तर तिला रागावू नका. तिने मराठी बरोबर ऐकली आहे. फक्त 'हा शब्द संस्कृतचा, त्याचं लेखन तिथलं' एवढं सांगा.

तत्सम शब्दाची मधली वेलांटी किंवा उकार सामान्यरूपात हलत नाही. शरीर-शरीरात, सूत्र-सूत्राने, परीक्षा-परीक्षेला, रूप-रूपाने. शेजारी मराठीचा शब्द ठेवला की फरक स्वच्छ दिसतो. 'सूत्र' तत्सम, म्हणून 'सूत्राने'. त्यापासून झालेला 'सूत', म्हणजे धागा, मराठीचा, म्हणून 'सुताने'. 'दीपावली' दीर्घ, 'दिवाळी' ऱ्हस्व. 'भूमी' दीर्घ, 'भुई' ऱ्हस्व. 'जीव' हा शब्द तर दोन्हीकडे नांदतो : तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात 'जीवाला मोक्ष मिळतो', आणि घरी 'जिवाला घोर लागतो'. हे दोन्ही बरोबर आहे, आणि प्रुफात मी दोन्ही तसंच राहू देते.

उलट प्रवासही पाहण्यासारखा आहे. 'दुग्ध'मध्ये पहिला उकार आणि 'दूध'मध्ये दुसरा. 'जिह्वा' ऱ्हस्व आणि 'जीभ' दीर्घ. प्राकृतातून येताना जोडाक्षर सुटलं आणि त्याचं वजन मागच्या स्वराने उचललं. 'हस्त'चा 'हात', 'सप्त'चा 'सात', 'कर्म'चं 'काम' झालं तेही याच रीतीने. म्हणजे 'दूध'मधला दुसरा उकार ही त्या गळलेल्या व्यंजनाची भरपाई आहे. सामान्यरूपात तोही मराठीचा कायदा पाळतो : दुधात, जिभेला.

आता 'कवि' की 'कवी'. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनाचे चौदा नियम केले, १९७२ साली आणखी चार घातले, आणि राज्य शासनाने ते मान्य केले. आज शाळेत, सरकारी कामात आणि बहुतेक प्रकाशनांत हेच अठरा नियम चालतात. त्याआधी तत्सम शब्दाच्या शेवटचा इकार-उकारही संस्कृतप्रमाणे ऱ्हस्व लिहीत : कवि, गति, भक्ति, गुरु. १९६२ च्या नियमाने एवढ्या एका जागी कानाचा कायदा लावला. शेवटचा स्वर आपण लांबच म्हणतो, तर लिहाही लांब : कवी, गती, भक्ती, गुरू. तुमच्या घरातलं जुनं पुस्तक आपल्या काळाच्या नियमाने शुद्ध आहे. 'आणि' व 'नि' मात्र आजही ऱ्हस्वच, आणि 'तथापि', 'परंतु', 'यद्यपि' अशी तत्सम अव्ययंही ऱ्हस्व राहिली.

हा निर्णय मला पटतो, पण त्याने एक सांधा कच्चा राहिला. शब्द एकटा असेल किंवा त्याला प्रत्यय लागला असेल तर दीर्घ : कवी, कवीने, गुरूला, भक्तीचा. तोच तत्सम समासात पहिला आला की मूळ ऱ्हस्व परत येतो : कविमन, गुरुदक्षिणा, भक्तिमार्ग, शक्तिपीठ, बुद्धिवैभव. मूळचाच दीर्घ असेल तर दीर्घच राहतो : नदीकिनारा, लक्ष्मीपुत्र, वधूवर. याहून अवघड आहे 'विद्यार्थी', 'मंत्री', 'पक्षी', 'स्वामी' यांचं. एकटे असताना ते दीर्घ दिसतात, पण संस्कृतात त्यांचं मूळ रूप 'इन्' या शेवटाचं. समासात तो 'न्' गळतो आणि ऱ्हस्व इकार उरतो. म्हणून मंत्रिमंडळ, पक्षिमित्र, विद्यार्थिमंडळ, स्वामिभक्ती. 'मंत्रीमंडळ' छापलेलं इतक्या ठिकाणी दिसतं की ऱ्हस्व वेलांटी पाहून वाचक थबकतो. संस्कृत न शिकलेल्या माणसाकडून या एका नियमाची अपेक्षा धरणं मला जड जातं. तरी नियम आहे तोवर प्रुफात मी पाळते.

तत्सम शब्द ओळखायचा कसा? खात्रीचा उपाय कोश. पण कोशाकडे जाण्याआधी काही ओळखीचे गट डोक्यात असले तर काम हलकं होतं. 'इक' प्रत्यय नेहमी ऱ्हस्व : सामाजिक, नागरिक, स्थानिक, आर्थिक. 'ईय' नेहमी दीर्घ : भारतीय, राष्ट्रीय, कुटुंबीय. 'करण' जोडताना अलीकडचा स्वर दीर्घ ई होतो : वर्गीकरण, एकत्रीकरण, शुद्धीकरण, 'शुद्धि' मूळचा ऱ्हस्व असला तरी इथे दीर्घच. 'परि' हा उपसर्ग ऱ्हस्व, म्हणून परिचय, परिणाम; पण 'परीक्षा'मध्ये 'परि' आणि 'ईक्षा' मिळून दीर्घ झालं. 'प्रतीक्षा' आणि 'निरीक्षण' यांच्यातही 'ईक्षा', 'ईक्षण' यांचाच दीर्घ ई आहे. तसंच रवि आणि इंद्र मिळून रवींद्र, गिरि आणि ईश मिळून गिरीश, अति आणि इंद्रिय मिळून अतींद्रिय. 'नि:'च्या पुढे 'र' आला की विसर्ग गळतो आणि इकार लांबतो : नीरस, नीरोग. 'निरोगी' सर्रास लिहितात. संधीच्या नियमाने ते 'नीरोगी' हवं.

शब्दात ऋ, क्ष, ज्ञ किंवा विसर्ग दिसला तर तो बहुधा संस्कृतचा. 'कुसुम', 'मधुर', 'गुण', 'विष' यांच्यात मात्र अशी एकही खूण नाही. तिथे ओळख वाचनातूनच होते.

छपाईतली एक अडचण घरच्यांनाही उपयोगी पडेल. 'र'चा उकार इतर अक्षरांसारखा खाली लागत नाही, पोटात लागतो, आणि 'रु' व 'रू' यांतला फरक लहान टाइपात डोळ्यांना लागत नाही. 'गुरू', 'सुरू', 'रूप' यांच्यात दुसरा. 'रुपया', 'पुरुष', 'अरुण', 'तरुण' यांच्यात पहिला. फोनवर लिहिताना पुढे येणाऱ्या शब्दांत दोन्ही रूपं असतात आणि घाईत चुकीचं उचललं जातं. मुलीला वाचून दाखवताना अशी अक्षरं मोठी करून दाखवा.

माओरीतल्या रेघेशी तुलना केली तर देवनागरीची एक उणीव उघडी पडते. ती रेघ पाचही स्वरांवर बसते. आपल्याकडे अ-आ, इ-ई, उ-ऊ अशा जोड्या आहेत, पण 'ए' आणि 'ओ' यांना जोडीदार नाही, कारण संस्कृतात हे दोन्ही कायम दीर्घच. कन्नड आणि तेलुगू लिपींत ऱ्हस्व ए-ओ आणि दीर्घ ए-ओ यांना वेगवेगळी अक्षरं आहेत, कारण त्या भाषांत अर्थ बदलतो. म्हणूनच वर 'केके'चे दोन अर्थ सांगताना मला 'स्वर लांबवले की' असं शब्दांत लिहावं लागलं. आपल्या नेहमीच्या अक्षरांत ते दाखवता येत नाही. रोमन लिपीत संस्कृत लिहितानाही हेच दिसतं. आ, ई, ऊ दाखवायला रोमन अक्षरावर आडवी रेघ देतात. ए आणि ओ यांच्यावर देत नाहीत, कारण तिथे निवडीचा प्रश्नच नाही.

दीर्घाहूनही लांब स्वराची खूण मात्र आपल्याकडे फार जुनी आहे. पाणिनीने स्वरांचे तीन काळ सांगितले : ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत. त्यासाठी त्याने 'उ' हा स्वर निवडला, आणि परंपरा सांगते की हे तीन काळ कोंबड्याच्या आरवण्यातून घेतले आहेत. आरवणं ऐकलेल्या कुणालाही ते पटेल. प्लुत म्हणजे तीन मात्रांचा, म्हणून तो दाखवायला स्वरापुढे चक्क '३' हा आकडा लिहितात : ओ३म्. दुरून हाक मारताना प्लुत होतो, असंही पाणिनीने नोंदवलं आहे. मराठीत आज हे काम अवग्रह करतो. 'आईऽऽ' किंवा 'अगंऽऽ' लिहिलं की वाचणारा हाक लांबवतो. संस्कृतात हेच चिन्ह लोपलेल्या 'अ'ची जागा दाखवतं; मराठीने ते उचलून लांबीला दिलं, आणि नाटकाच्या संहितेत ते नेहमी भेटतं.

आता ज्या खुणेवर माझं सगळ्यांत जास्त प्रेम आहे ती. 'केलं', 'असं', 'मोठं', 'कुठं' यांच्यावरचा टिंब. शाळेत त्याला अनुस्वार म्हणतात, पण तो म्हणताना तुमच्या नाकातून काही येतं का, ते तपासून पाहा. प्रमाण बोलीत येत नाही. टिंब काढून 'केल' लिहिलं तर मराठी वाचणारा 'केल्' म्हणेल. टिंब दिला की शेवटचा 'अ' जिवंत राहतो आणि थोडा लांबतो. पूर्वी इथे 'केलें', 'असें' असा नाकातला एकार होता आणि टिंब त्या एकारावर होता. पुढे लेखी भाषेत एकार राहिला आणि टिंब गेला : केले, असे. बोलीत एकाराचा 'अ' झाला आणि टिंब लेखनात तसाच राहिला, पण त्याचं काम बदललं. आज तो लांब 'अ'ची खूण आहे. मराठीच्या शब्दांत इकार-उकाराच्या दोन-दोन खुणा जागेवरून सांगता येतात. हा टिंब मात्र खरंच ऐकू येणारा फरक दाखवतो. 'घर' आणि 'घरं', 'फूल' आणि 'फुलं', 'काम' आणि 'कामं' : टिंब गेला तर एकाचं अनेक होणंच थांबतं. तुमच्या मुलीला माओरीच्या रेघेसारखं काही मराठीत दाखवायचं असेल तर वेलांटीऐवजी हा टिंब दाखवा. ती लगेच ओळखेल.

महामंडळाच्या नियमांनी पात्रांच्या तोंडच्या बोलीत हा टिंब मान्य केला, बाकी गद्यात 'केले, असे' लिहायला सांगितलं. आता लेखांत आणि बातम्यांतही टिंबाची भाषा आली आहे. या उत्तरातही मी तीच लिहिते आहे. एका लिखाणात एकच ठेवावं, एवढाच माझा आग्रह असतो. 'केले' आणि 'झालं' एकाच परिच्छेदात आले की वाचणाऱ्याचा सूर मोडतो.

कवितेला हात लावताना मात्र सावध राहा. वृत्तात ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घाच्या दोन. मोरोपंतांच्या आर्येत 'कवि'चं 'कवी' केलं की एक मात्रा वाढते आणि चाल अडखळते. कवीही गरजेप्रमाणे ऱ्हस्वाचं दीर्घ आणि दीर्घाचं ऱ्हस्व करतो, तो त्याचा अधिकार. १९७२ च्या नियमांत स्पष्ट सांगितलं आहे की केशवसुतांपूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचं गद्य मुळाप्रमाणे छापावं. जुनी ओवी किंवा अभंग मुलीकडून पाठ करून घेताना छापलेल्या वेलांट्या सुधारू नका.

शिकवण्याचा क्रम विचाराल तर मी असा ठेवीन. पहिलं वर्षभर वेलांटी चुकली तरी लाल खूण नको. आधी टिंब पक्का करा, कारण तो चुकला तर अर्थ चुकतो. मग वकील-वकिलाला, माणूस-माणसाला या जोड्या टाळ्या वाजवत तोंडी म्हणून घ्या, लिहायला नंतर द्या. त्यानंतर दिवाळी-दीपावली, सूत-सूत्र अशा जोड्या शेजारी मांडा आणि कुठला शब्द मराठीचा, कुठला संस्कृतचा, हे तिलाच ओळखू द्या. 'इक' आणि 'ईय' हे दोन गट तिथेच उरकतील. संधी त्यानंतर. मंत्रिमंडळ आणि त्याची भावंडं अगदी शेवटी, ती स्वतः मराठी पुस्तकं वाचू लागल्यावर.